सर्वानुमते

पुणे, ७ एप्रिल २०२५

प्रिय आपास,
सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही. व्हॉट्सॅपवर लिहिलं की तुझ्या आधी मिसबा वाचते, मग जावई वाचतात आणि मग त्यांचेच फोन मला येतात. म्हणून पत्र. आपल्या दोघांची शाळा मराठी, तेव्हा तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढणार हे धरूनच लिहायला बसलो आहे.

बातमी अशी की मी दोन दिवस प्रशिक्षणाला जाऊन आलो. स्वारगेटच्या पुढे एका हॉटेलात होतं. विषय नेतृत्व. माझ्या टेबलावर एक बेकरीवाले, एक दातांचे डॉक्टर आणि मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडते होते. शिकवायला शेफाली मॅडम, वय तिशीच्या आत, पण बोलायला लागल्या की आडतेसुद्धा मोबाइल खिशात ठेवायचे. त्यांनी फळ्यावर चार पायऱ्या काढल्या. पहिल्या पायरीवरचा मालक नुसतं सांगतो, दुसरीवरचा पटवून देतो, तिसरीवरचा आधी विचारतो आणि चौथीवरचा सोपवून मोकळा होतो. मी आपल्या कारखान्याचं उदाहरण दिलं. म्हटलं, माझ्या बहिणीने वीस वर्षं शाळांचे गणवेश शिवून घेतले आणि सुया कुठल्या डबीत ठेवायच्या हेही तीच ठरवायची. मॅडम म्हणाल्या, ही पहिली पायरी. आडते म्हणाले, त्याच्या खाली एखादी नाही का? मी तुझी बाजू घेतली, पण फार नाही.

आता मुद्द्याचं. मिरजेला जाताना तू म्हणालीस, खालिद, एक सीझन बघते, जमलं तर चालू दे, नाहीतर जूननंतर गाळा मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्याने देऊन टाकू. गाळा तुझ्या नावावर आहे, तुझा हक्क आहे. पण तो जून मला रोज सकाळी शटर उघडताना दिसतो. कटिंगचे पोपट मास्तर, चेकिंगच्या हेमाताई, काज-बटणाची कल्याणी आणि मशीनवरचे पाच, एवढी आठ माणसं मग कुठे जाणार? तुझ्यासारखा कारखाना मला चालवता येणार नाही, हे मला कळून चुकलं आहे. म्हणून माझ्या पद्धतीने चालवून बघतो. दर शनिवारी चार वाजता मशीन बंद, सगळ्यांनी बसायचं आणि जे ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

तुला हसू येत असेल. येऊ दे.

तुझा
खालिद


मिरज, ११ एप्रिल २०२५

चि. खालिदला,
अनेक दुवा.

पत्र पोचलं. 'प्रशिक्षण' हा शब्द बरोबर लिहिलास, बाकी तीन चुका आहेत, त्या राहू देत.

तू सभा घेणार हे वाचून बरं वाटलं. माणसांना विचारावं. मी विचारत नव्हते, कारण मला उत्तर आधीच माहीत असायचं. तुझी अडचण वेगळी आहे.

मी आता यात काही बोलणार नाही, पुणं सोडलं तेव्हाच ठरवलं. फक्त चार वाजता सभा घेऊ नकोस, चारला काज-बटणाचं काम अंगावर येतं. पाचला घे. आणि आधी स्वतः बोलू नकोस. तू बोललास की पोपट मास्तर मान हलवतात आणि मान हलवली की त्यांना डुलकी येते. दाराजवळ बसू नकोस, उन्हाने तुझं डोकं दुखतं. हे आपलं माझं मत, करायचं ते तू तुझ्या मनाने कर.

त्या आडत्यांचं नाव मात्र कळव.

जूनचं जूनमध्ये बघू.

आपा


मिरज, ११ एप्रिल २०२५

प्रिय हेमा,

हे पत्र मुद्दाम तुझ्या पर्वतीच्या घरी पाठवते आहे, कारखान्यात नेऊ नकोस.

खालिद येत्या शनिवारपासून तुम्हा सगळ्यांना बसवून मत विचारणार आहे. घाबरू नका, तो रागावलेला नाही, तो शिकून आला आहे. त्याने विचारलं आणि तुम्ही आठ जण मूग गिळून बसलात तर त्याच्या मनाला लागेल, आणि मनाला लागलं की तो जेवत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. तेव्हा मतं पुढीलप्रमाणे मांडावीत.

पोपट मास्तरांनी म्हणावं की कटिंगचं टेबल खिडकीखाली घ्या, उजेड मिळेल. हे माझ्या मनात गेल्या दिवाळीपासून आहे. तू म्हणावंस की चेकिंग शेवटी एकदम न करता मध्ये एकदा करावं. कल्याणीने म्हणावं की बटणं बुधवार पेठेतल्या आपल्या जुन्या दुकानातूनच आणावीत, ऑनलाइनची फुटतात. मशीनवरच्यांपैकी कुणीतरी थोडा विरोध करावा, म्हणजे खरं वाटेल. कशाला विरोध करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

वाचून फाडून टाक.

रझिया


पुणे, २० एप्रिल २०२५

प्रिय आपास,
सलाम.

काल पहिली सभा झाली. आपा, मी चकित झालो. मी नुसतं 'आपापलं मत मांडा' एवढंच म्हटलं आणि पोपट मास्तर, जे वीस वर्षांत 'हां' आणि 'बरं' याखेरीज काही बोलले नाहीत, ते उठून उभे राहिले. म्हणाले, कटिंगचं टेबल खिडकीखाली घ्या. मग हेमाताई बोलल्या, कल्याणी बोलली, आणि एकाने चक्क टेबल हलवायला विरोध केला. केवढा मोकळेपणा. शेवटी सगळं सर्वानुमते मंजूर झालं, विरोध करणाऱ्यानेही हात वर केला.

तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हतो, पण लिहितो. या लोकांच्या मनात इतकं काय काय आहे हे तुला वीस वर्षांत कळलं नाही. कळणार कसं, तू कधी विचारलं नाहीस. मास्तरांना उजेडाचा त्रास होत होता आणि आपण दोघं खुशाल होतो.

शेफाली मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर एकमत होणं दुर्मिळ आहे.

सभा चार वाजताच घेतली.

तुझा
खालिद


पुणे, २१ एप्रिल २०२५

आदरणीय रझियाआपा,
नमस्कार.

सभा तुम्ही सांगितल्याप्रमाणे पार पडली. पोपट मास्तरांची शुक्रवारी दोनदा तालीम घेतली, तरी ऐन वेळी त्यांना आठवेना, मग त्यांनी तळहातावर खडूने लिहून आणलेलं वाचलं. खालिदभाईंना वाटलं ते हात जोडताहेत. विरोध कुणी करायचा यावर मात्र आमची खरी भांडणं झाली, शेवटी चिठ्ठी टाकली.

खालिदभाई इतके खूश झाले की सगळ्यांना स्वतः चहा ओतून दिला. आपा, मला जरा लाज वाटली.

आता दोन गोष्टी लवकर कळवा. हडपसरकडच्या एका नव्या शाळेचे सर दोनदा येऊन गेले. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सहाशे जोड हवे म्हणतात. कापड कोरं सुती, पोरांना घाम येतो म्हणून. आणि फ्रॉकच्या खाली आपण चार बोटं कापड आत दुमडून ठेवतो ना, पोर वाढलं की आईने घरी उसवून लांबी वाढवावी म्हणून, ते नको म्हणतात, जाड दिसतं. आठ माणसांत एवढ्या वेळात सहाशे होत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. सभेत विचारलं तर आम्ही काय म्हणायचं?

दुसरं म्हणजे परवा एक माणूस येऊन गाळ्याच्या भिंती मोजून गेला. कोण म्हणून विचारलं तर हसला. तुम्हाला काही माहीत आहे का?

आपली
हेमा


पुणे, २ मे २०२५

आदरणीय रझियाआपा,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं नाही. पोस्टमनला रोज विचारते, तो आता मला बघून रस्ता बदलतो. उद्या शनिवार आहे, आणि मोठ्या ऑर्डरचा विषय उद्याच निघणार. तुम्ही सांगितलं नाहीत तर आम्ही काय बोलायचं?

हेमा


पुणे, ४ मे २०२५

प्रिय आपास,
सलाम.

तुझं पत्र नाही. रागावली आहेस का? 'तुला कळलं नाही' असं लिहिलं ते जरा जास्तच झालं, मान्य.

काल मी एका मोठ्या ऑर्डरचा विषय सभेपुढे ठेवला. सहाशे जोड. ही एक शाळा मिळाली तर तुझा जून निघेल, मोबाइलवाल्याला नको म्हणता येईल. सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, बोला. कुणी बोलेना. शेफाली मॅडमनी शिकवलं आहे की शांतता सोसावी, मधे पडू नये. मी अकरा मिनिटं सोसली. पोपट मास्तर तळहाताकडे बघत बसले होते, तिथे काहीच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "काय ठरलंय ते सांगा की, खालिदभाई. उगा कशाला."

मग कल्याणी बोलली. ती म्हणाली, "खालिदभाई, सॉरी, पण तुम्ही ऑलरेडी हो म्हणून आलाय ना? माझ्या बहिणीची मुलगी त्याच शाळेत आहे. पालकांच्या ग्रुपवर फोटो आलाय. तुमच्या हातात बुके आहे."

बुके त्यांनी दिला होता, आपा, मी मागितला नव्हता. पण हो, मी शब्द देऊन आलो होतो. वाटलं, गेल्या वेळसारखं एकमत होणारच, मग दोन दिवस कशाला घालवा.

मत घेतलं. सात विरोधात. पोपट मास्तर तटस्थ, म्हणजे हात अर्धा वर गेला आणि त्याने त्यांनी मान खाजवली. मी म्हटलं, तुमचं मत मी मनापासून ऐकलं आहे, आणि ऑर्डर घेतलेली आहे. यात चूक काय ते मला कळत नाही. विचारलं तर होतं ना? सोमवारपासून काम सुरू. सगळे येतो म्हणाले आहेत, कुणी भांडलं नाही. तेच मला बरं वाटत नाही.

तुझा
खालिद


(व्हॉट्सॅप, ८ मे २०२५)

मामू, अम्मीच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन २८ तारखेला झालं. सीझन आहे, खालिदला सांगू नको म्हणाली म्हणून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तीन आठवडे पालथं झोपायला सांगितलंय, वाचायला पूर्ण बंदी. पुण्याहून पत्रं येतायत, सगळी उशीखाली ठेवते. मी वाचून दाखवते म्हटलं तर नको म्हणते, हातच लावू देत नाही. तुम्ही दोघं असं काय लिहिता? – मिसबा


पुणे, १५ मे २०२५

प्रिय आपास,

डॉक्टर सांगतील तेव्हाच वाच, पण आधी हे पत्र वाच.

गेल्या आठवड्यात सोमवारी कापड आलं. मास्तरांनी टेबलावर थर लावले, खडूने आखलं आणि विचारलं, "कापू?" मी म्हटलं, कापा. त्यांनी दोन थप्प्या कापल्या, साठ फ्रॉक. मशीनवर गेले, शिवून झाले, हेमाताईंनी मोजून बघितले, मापात होते. पहिले साठ शाळेत पोचवले. तिथल्या बाईंनी एक धुऊन बघितला आणि तो तीन बोटं आखूड झाला. खाली दुमड नाही, त्यामुळे सोडायला कापडही नाही. साठच्या साठ परत आले आहेत. शाळा म्हणते, सव्वीस तारखेपर्यंत काय ते सांगा.

कोरं सुती कापड आधी भिजवून, वाळवून मग कापायचं असतं. तू सकाळी 'हे तागे हौदात टाका' म्हणायचीस आणि कुणीतरी टाकायचं. का टाकायचे हे तू सांगितलं नाहीस, आम्ही विचारलं नाही. पुढे किती वर्षं मिक्स कापडच येत होतं, ते आटत नाही, आणि मी विसरून गेलो. पण मास्तर कसे विसरतील? मी त्यांना विचारलं, तुम्हाला कळलं नाही? ते म्हणाले, "तुम्ही कापा म्हणाला." एवढंच. कुणी कुचकटपणा करत नाही, आपा. सगळे वेळेवर येतात आणि मी सांगेन ते, तेवढंच, करतात. मला भीती वाटायला लागली आहे.

मला काही सुचत नाही. मी सोपवतो, तू ठरव. काय करायचं ते सांग, मी निमूट करतो.

खालिद


मिरज, २० मे २०२५

चि. खालिदला,
दुवा.

आज डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली. सगळी पत्रं एका दमात वाचली, डोळ्यातून पाणी येतं आहे, ते औषधाचं आहे.

काळजी करू नकोस. जेव. मी काही ठरवणार नाही, कारखाना तू चालवतोस. शनिवारी नेहमीसारखी सभा घे आणि तुझ्या माणसांना विचार. माझं मन सांगतं, या वेळी ती बरोब्बर बोलतील आणि सर्वानुमते बोलतील. ती जे म्हणतील ते कर.

आपा


पुणे, २५ मे २०२५

आदरणीय रझियाआपा,
नमस्कार.

तुमचं वीस तारखेचं पाकीट शुक्रवारी घरी आलं. ते सोबत परत पाठवते आहे. उघडलेलं नाही. का ते सांगते. तुम्हाला राग येणार, आणि यायचाच असेल तर पूर्ण गोष्टीचा यावा.

काल सभेत खालिदभाई खुर्चीवर बसले नाहीत, उभे राहिले. म्हणाले, मी आधी शब्द दिला आणि मग तुम्हाला विचारलं, हे विचारणं नव्हे. चूक माझी. तेव्हा पोपट मास्तर म्हणाले, "चूक माझीबी हाय. तागा हातात घेतला तवाच कळलं व्हतं, कोरं हाय, आटणार. पर म्हनलं, आपलं मत घेऊन गुंडाळून ठिवलं, आता आपन कशाला बोलायचं. कापा म्हनले, कापलं." हे सांगताना मास्तर रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग मला राहवलं नाही. पाकीट पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, खालिदभाई, पहिल्या सभेतली मतं आमची नव्हती. त्यांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "टेबलाचंसुद्धा?" मास्तर म्हणाले, "टेबलाचंसुद्धा."

मला वाटलं आता निघून जातील. पण म्हणाले, असू दे, उघडा, आपाने यात काहीतरी मार्ग लिहिला असेल. माझाही हात पुढे गेला होता. तेव्हा कल्याणी म्हणाली, "यात लिहिलंय ते करेक्टच असणार. म्हणून तर उघडायचं नाही. एकदा वाचलं की आपण आपलं डोकं चालवणारच नाही." मत घेतलं. उघडण्याच्या बाजूने दोनच हात होते, एक खालिदभाईंचा आणि एक माझा. तेव्हा नाही उघडलं.

त्यानंतर अडीच तास भांडलो, आपा. तालमीशिवाय. एकाने मशीनवरचं कव्हर आपटलं, मीही मास्तरांना वाटेल ते बोलले. ठरलं ते असं. आटलेले साठ फ्रॉक उसवून बालवर्गाच्या मापाचे करायचे. सहाशे होणार नाहीत हे शाळेला तोंडावर सांगायचं. साडेतीनशे होतील, धाकटे वर्ग आधी, बाकी जुलैत. आणि दुमड चार बोटं राहणारच, आवडो न आवडो. हे सांगायला सोमवारी खालिदभाईंबरोबर मी आणि कल्याणी जाणार आहोत. मी आजवर कुठल्या शाळेत आपलं काम घेऊन गेले नाही. कुठली साडी नेसू हेसुद्धा ठरत नाही.

शेवटचं. भिंती मोजणारा म्हणजे जूननंतर गाळा भाड्याने घेणारा मोबाइलच्या कव्हरवाला, हे आम्हाला कळलं आहे, त्याने स्वतःच खालच्या चहावाल्याला सांगितलं. तुम्ही आम्हाला सभेत काय बोलायचं ते सगळं लिहिलंत, पण जूनमध्ये आमचं काय होणार ते नाही लिहिलंत. त्याचं मला फार वाईट वाटलं. पंधरा वर्षं मी तुमच्याकडे आहे.

आपली
हेमा


मिरज, १ जून २०२५

मंडईमागच्या गाळ्यातल्या सर्वांना,
रझियाचा सलाम आणि नमस्कार.

खालिद, हे मोठ्याने वाचून दाखव. मधले शब्द गाळू नकोस.

पाकीट मिळालं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. मिसबाला वाटलं डोळा दुखतो आहे. डोळा दुखत नव्हता. माझं पत्र न उघडता परत यावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. राग आला. हेमाचा आला, खालिदचा आला, त्या कल्याणीचा तर फारच आला. मी असताना ती तोंड वर करून बोलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी ते स्वतःच उघडून वाचलं. त्यात लिहिलं होतं की ऑर्डर परत करा, मालक आजारी आहेत म्हणून शाळेला कळवा, आणि हे खालिदला सर्वानुमते सांगा. खाली मतं वाटून दिली होती, कुणी काय म्हणायचं त्याची. तुम्ही उघडलं असतंत तर तसंच केलं असतंत. मग जूनमध्ये मी म्हटलं असतं, बघ खालिद, जमलं नाही. लिहिताना माझ्या मनात असं काही आहे हे मला माहीत नव्हतं. वाचताना दिसलं.

तागे का भिजवायचे हे मी सांगितलं नाही, हे खरं आहे. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला न विचारता भिजवले असते.

हेमा, गाळ्याचं तुझ्यापासून लपवलं, माफ कर. तुला लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा बटणांबद्दल लिहिलं.

आता गाळ्याचं. मला ठरवायचं नाही असं नाही. ठरवायला हात शिवशिवतात. पण तुम्ही ठरवा, चौदा तारखेच्या सभेत. कारखाना चालवायचा की भाड्याने द्यायचा, आणि चालवायचा तर कसा. मी येणार नाही. आले तर तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघाल आणि मी काहीतरी तोंड करीन. जे ठरेल त्याच्या कागदावर मी सही करते. कोऱ्या कागदावर सही करून आत्ताच पाठवत होते, पण मिसबा म्हणाली कोऱ्या कागदावर सही करू नये. तेवढं तिचं ऐकलं.

काय ठरलं ते लवकर कळवा. इथे मला दुसरं काही काम नाही.

रझिया


पुणे, १५ जून २०२५

प्रिय आपास,
सलाम.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. एक शब्द गाळला नाही. तुला कल्याणीचा राग आला तो भाग तिने पुन्हा वाचायला लावला.

आधी कामाचं. साडेतीनशेपैकी तीनशे दहा गुरुवारी पोचले, उरलेले काल सकाळी. शाळेत मी बोलायला लागलो तेव्हा सर घड्याळ बघत होते. मग हेमाताईंनी पिशवीतून फ्रॉक काढला, तिथल्या तिथे दुमड उसवली आणि म्हणाल्या, "हा यंदाचा. हा पुढच्या वर्षीचा. आयांना विचारून बघा." सरांच्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका बाईंनी फ्रॉक हातात घेतला आणि मग आमच्याकडे बघून बोलणं सुरू केलं. म्हणजे हेमाताईंकडे बघून. मी पिशवी धरून उभा होतो.

कालची सभा. पहिला ठराव, गाळा भाड्याने द्यायचा नाही. नऊ विरुद्ध शून्य. या वेळी खरोखर सर्वानुमते, कुणाला पढवलेलं नव्हतं, मी चौकशी केली.

दुसरा विषय माझ्या यादीत नव्हता. मशीनवरचा एकजण म्हणाला, शनिवारचं ठीक आहे, पण मंगळवारी दोरा संपला, बुधवारी माप चुकलं, तर शनिवारपर्यंत थांबायचं का? रोजचं बघायला एक माणूस ठरवा. मी म्हटलं, मी आहे की. शांतता सोसायची मला आता सवय आहे, पण ही शांतता वेगळी होती, तिच्यात उत्तर होतं. मग पोपट मास्तर म्हणाले, "हेमाबाईंना सांगा. त्यांना कापडातलंबी कळतं आनि मानसातलंबी."

आपा, खरं सांगतो, मला ते झोंबलं. माझा कारखाना, माझी सभा, माझी पद्धत. प्रशिक्षणाचा खर्च माझा. नाही म्हणायचा अधिकार होता मला, आणि तोंडापर्यंत आलंही होतं. पण गेल्या महिन्यात एकदा तो अधिकार वापरला होता, त्याचे साठ फ्रॉक उसवून बालवर्गाच्या मापाचे करावे लागले होते. हेमाताई मान खाली घालून बोटाला सुतळी गुंडाळत होत्या. त्यांच्याकडे बघितलं आणि वाटलं, यांना आजवर कुणी काही विचारलंच नाही, आधी तू नाही, मग मी नाही, नुसती पत्रं आणि तोंडी हुकूम.

हात वर करायला सांगितले. आठ विरुद्ध एक. बाजूने पहिला हात माझा होता. विरोधात एकच होता, तो हेमाताईंचा. मंजूर झालं.

कागद सोबत आहे, सही करून पाठव.

तुझा
खालिद
(कापड आणणे व बाहेरची कामे)